विहिरीचा कोपरा

"काका, ती खुंटी उपटू नका हो. मोजून ठोकलीय."

"उपटली कुठं? पाय अडखळला, तिची तीच निघाली," फक्की म्हणाला आणि हातातली खुंटी त्याने गवतावर अलगद आडवी ठेवली.

पिवळी टोपी घातलेला नकाशावाला कपाळाला हात लावून उभा राहिला. सकाळपासून त्याची माणसं मैदानात लाल खुंट्या ठोकत होती, आणि त्यांच्या मागून हा म्हातारा भोकाभोकांचा डबा हलवत जुन्याच रेषा नव्याने मारत होता. एका मैदानावर दोन मैदानं पडली होती, एक उभं आणि एक आडवं.

"दुपारी मॅच आहे. रेषा नकोत का?" फक्कीने विचारलं.

"मारा की, कोण नको म्हणतंय. पण उद्यापासून सगळं खणणार. मैदान आडवं करायचंय. एक गोल त्या भिंतीकडं, एक ह्या. आणि त्या तिकडच्या कोपऱ्यात गाड्या लावायची जागा."

"आडवं? म्हातारं झालं म्हणून आडवं करताय होय?"

नकाशावाला हसला. फक्की हसला नाही. त्याने डबा खाली ठेवला, कंबर धरून सरळ झाला आणि समोरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मग त्या विहिरीचं काय करणार?"

"कसली विहीर?"

"त्या कोपऱ्यातली."

नकाशावाल्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गाडीच्या टपावर सगळे कागद पसरले, कुणाला तरी फोन लावला, "साहेब, इथं खाली विहीर आहे म्हणतायत," असं तीनतीनदा सांगितलं. दोन मजूर लोखंडी पहार घेऊन आले आणि कोपऱ्यात ठोकून बघू लागले. पहार दोन वितींवर जाऊन दगडाला लागायची आणि खणकन वाजायची.

"किती खोल असेल काका?"

"मला काय ठाऊक? मी कधी उतरलो नाही."

शेवटी फक्कीलाच पोराची दया आली. "अरे बाबा, तशी नाही ती. आम्ही आपली म्हणतो विहीर. आमच्या गावातली."

"सकाळी सकाळी जीव घेता राव माणसाचा," असं म्हणून नकाशावाल्याने कागद गुंडाळले. म्हाताऱ्याने आपली मजा केली असंच त्याला वाटलं. खरं तर फक्कीच्या मनात मजेचा लवलेश नव्हता. विहीर गाड्यांखाली जाणार हे त्याला त्याच क्षणी पहिल्यांदा कळलं होतं.

फक्की हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मैदानावर रेषा मारायची पांढरी चुन्याची पूड, तिला फक्की म्हणतात; ती मारता मारता तिचं नाव याला चिकटलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून डबा हातात. बायको असताना थट्टा करायची, की याचे केस पुडीने पांढरे होते ते वयाने कधी पांढरे झाले हे मलाही कळलं नाही. क्लबात त्याला दुसरं काही जमण्यासारखं नव्हतंच. खेळायला घ्यावं तर चेंडू आला की याचे दोन्ही पाय एकमेकांना वाट विचारायचे. तेवढ्यात चेंडू निघून जायचा.

क्लब काढला तो त्याच्या दादाने, म्हणजे थोरल्या भावाने. दोघांत वयाचं अंतर चांगलंच. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं दाही दिशांना पांगली, तेव्हा दादा अंगाने भरलेला जवान होता आणि फक्की आईच्या कडेवर होता. काही घरं बोटीत बसून समुद्रापलीकडच्या या बंदराच्या शहरात आली, कारण इथल्या दोरखंडाच्या कारखान्याला माणसं हवी होती. खोल्या मिळाल्या त्या कारखान्याच्या मागे, एकेका खोलीत दोन दोन घरं. शहरातलं कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. सलूनवाला म्हणायचा, खुर्ची मोकळी नाही. आणि खुर्ची तर समोर मोकळी दिसत असायची.

कारखान्यामागे एक पडीक जागा होती, सडलेले दोर टाकायची. रविवारी पुरुषमाणसं तिथे दोराच्या तुकड्यांचा गच्च बांधलेला चेंडू लाथाडायची. एका रविवारी दादा मध्येच थांबला, चौफेर बघितलं आणि म्हणाला, "ही लांब बाजू दिसतेय ना, ही आपली सडक. समोरची ती ओढा. हा गोल म्हणजे गिरणी, तो गोल शाळा. आणि शाळा आणि ओढ्याच्या मधला तो कोपरा, ती विहीर." सगळे हसले. मग पुढच्या रविवारी कुणीतरी ओरडलं, "अरे, ओढ्याकडं दे," आणि चेंडू बरोबर ओढ्याकडे गेला.

तिथून क्लब सुरू झाला. नाव काय द्यायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. गावाचं तेच क्लबचं. पाटी रंगवली, निळे सदरे शिवले, जागा साफ करून रीतसर मैदान केलं. आणि हे लोक जिंकू लागले. समोरच्या संघाला काही केल्या पत्ता लागायचा नाही. "सडकेनं घे, गिरणीपाशी टाक," असं कुणी ओरडलं की आपल्या अकरा जणांचे पाय आपोआप चालायचे आणि त्यांचे अकरा जण माना वळवून वळवून बघत राहायचे. परक्या मैदानावर गेलं की दादा आधी मधोमध उभा राहायचा, सूर्य कुठे आहे ते बघायचा आणि तिथेही गाव मांडायचा. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, पण गाव कुठे बदलतं? ओढा होता तिथेच राहायचा. माणूस उशाचा पायथ्याला झोपला म्हणून घराचं दार काही दुसऱ्या भिंतीत जात नाही, तसं त्यांना ते सरळ वाटायचं.

कप आला, मग आणखी एक आला. सलूनवाल्याला खुर्ची मोकळी दिसू लागली. कॅप्टनची दाढी तो फुकट करू लागला. कारखान्याचा मालक मॅच बघायला येऊ लागला. पोरं इथेच जन्मली, ती गाव न बघितलेली. पण दादा प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मैदानाभोवती फिरवायचा. त्याला म्हणायचे गाव दाखवणं. फक्कीच्या लेकीलाही दाखवलं होतं. विहिरीपाशी ती रडली, आत पडेन म्हणून. तशी मोठी माणसंही त्या कोपऱ्यावर पाय द्यायची नाहीत. कॉर्नर मारायचा तरी वळसा घालून जायचं. समोरच्यांना वाटायचं यातही काही डाव आहे.

फक्कीलाही दादानेच गाव दाखवलं होतं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर गावातलं काही म्हणता काही नव्हतं, ना घर, ना वाट. जे होतं ते हेच. रोज सकाळी सडकेला आणि ओढ्याला पांढरी रेघ मारताना त्याला वाटायचं, आपण गावात एक फेरी मारून आलो. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं.

आता क्लब मोडला कसा ते. फक्की पोटासाठी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होता. तिथे चादरी घडी करायला दोन माणसं लागतात. दोन टोकं धरायची, जवळ यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. त्याच्या समोर चादरीचं दुसरं टोक धरणारा एक जण होता, तिसऱ्याच मुलखातून नुकता आलेला. उंच, हडकुळा, भाषा तोडकीमोडकी. त्याला सगळे नवखा म्हणायचे, आणि केस पिकले तरी नवखाच म्हणत राहिले. जेवणाच्या सुट्टीत हा नवखा मळक्या कपड्यांची मोट पायाने अशी उडवायचा की फक्की घास हातात धरून बघत राहायचा.

एका वर्षी फायनलच्या आठवड्यात आपल्या पुढच्या फळीतल्या गड्याचा पाय मोडला. फक्कीने नवख्याला दादापुढे उभं केलं. दादा नाखूश होता. "आपला नाही तो," म्हणाला. पण अडला हरी, घेतला. त्याला गाव मात्र दाखवलं नाही. "ज्याचं गाव नाही त्याला काय दाखवायचं," असं म्हणून दादा निघून गेला. तेव्हा घाईघाईत, बुटाची नाडी बांधता बांधता, फक्कीनेच त्याला समजावलं: "हे बघ, ओढा म्हणजे उजवीकडे. सडक म्हणजे डावीकडे. बस, एवढं पुरे."

नवख्याने पहिल्या अर्ध्यात गोल केला. मैदान नुसतं दणाणलं. हाफटाइम झाला, बाजू बदलल्या. बाजू बदलली की ओढा डावीकडे येतो, हे त्याला सांगायला हवं, असं फक्कीच्या डोक्यातच आलं नाही. ओढा कसा हलेल? समोरच्यांनी बरोबरी केली. शेवटच्या मिनिटांत दादा मागून ओरडला, "ओढ्याकडं," आणि चेंडू लांब टाकला. नवखा जिवाच्या आकांताने उजवीकडे धावला. चेंडू डावीकडे एकटाच घरंगळत गेला, समोरच्याने उचलला आणि गोल झाला. तिथेच हरले.

दादाने भर मैदानात नवख्याच्या थोबाडीत मारली.

"दादा, चूक माझी आहे. मी अर्धंच सांगितलं त्याला," फक्की मध्ये पडला.

"तू गप्प बस. तुझी नाही, त्याची नाही, माझी आहे. बाहेरचा घेतला तिथंच चुकलं."

त्या रात्री क्लबात ठरलं: ज्याला गाव ठाऊक नाही, त्याने निळा सदरा घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात नवखा चादरीचं टोक धरून नेहमीसारखा उभा होता. गालावर सूज होती. दोघे जवळ आले, टोकं दिली-घेतली, मागे गेले. पुढे वर्षानुवर्षं दोघांनी चादरी घडी केल्या, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात जेवले, पण त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही.

नवख्याच्या मुलखातली माणसं मग वाढत गेली. चामड्याच्या कारखान्यामागे कचऱ्याची जागा होती, तिथे त्यांनी आपला क्लब काढला. इकडे आपल्याकडे दोरखंडाचा कारखाना बंद पडला, घरं एकेक करून मोठ्या शहरांकडे गेली, पोरांना फुटबॉलपेक्षा दुसरे उद्योग सुचले. अकरा जण जमवता जमवता नाकी नऊ यायचे. कुणी म्हणायचं, बाहेरची पोरं घेऊ या, दारात उभी आहेत. दादा म्हणायचा, नाही. मग दादाचेही गुडघे गेले, त्याने मैदानावर येणंच सोडलं; पण ठराव तसाच राहिला, कारण तो मोडायलाही सभेला पुरेशी माणसं येईनात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी शहराने मैदान काढून घेतलं आणि ज्यांच्याकडे खेळणारी पोरं होती त्यांना दिलं. त्या क्लबचा अध्यक्ष नवखाच होता.

तो स्वतः फक्कीच्या घरी आला होता सांगायला. चहा पुढे तसाच ठेवून बराच वेळ बसला. म्हणाला, "एक शेवटची मॅच खेळू. तुमचा क्लब, आमचा क्लब. आणि त्याआधी तुझ्या दादाला घेऊन ये. त्यानं गाव मांडावं. मी सगळ्या पोरांना रांगेत उभं करतो, ऐकायला."

"तो येईल असं वाटत नाही रे."

"विचारून तर बघ. ज्यानं बघितलंय असा आता तोच एक उरलाय ना?"

ते खरं होतं. गाव डोळ्यांनी बघितलेलं माणूस आता एकच उरलं होतं, आणि फक्कीला मनापासून हवं होतं की मैदान खणायच्या आधी त्या माणसाने एकदा तिथे उभं राहून म्हणावं, ही सडक, हा ओढा. बाकी काही नको होतं त्याला. कप भंगारात गेले तरी चालले असते.

रेषा मारून झाल्यावर लेक गाडी घेऊन आली. ती दंतवैद्याकडे कामाला होती. आज अर्धी रजा काढली होती.

"बाबा, हात तरी धुवा. सगळी गाडी पांढरी होतेय."

"होऊ दे. उद्यापासून नाही व्हायची."

तिने गाडी सुरू केली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "थोरल्या काकांनी नाही म्हटलं तर?"

"म्हणेलच. तरी विचारायचं."

दादा आपल्या मुलाकडे राहायचा, बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सूनबाईने दार उघडलं आणि डोळ्यांनीच खुणावलं की आज स्वारीचा मूड ठीक नाही. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, पायांवर घोंगडं. एकेकाळी या माणसाची हाक मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायची. आता बोलताना मध्येच धाप लागत होती. डोकं मात्र लख्ख होतं.

"ये धाकट्या. फक्की मारून आलास वाटतं. माझ्या घरात सांडू नको."

फक्की समोर स्टुलावर बसला आणि त्याने सरळ मुद्द्यालाच हात घातला. "दादा, चल. खाली गाडी आहे. खुर्चीसकट उचलून नेतो तुला. एकदा गाव मांड. तेवढंच."

"मी येत नाही."

"नवख्याचा राग अजून? तो तर स्वतः बोलावतोय तुला."

"त्याचा कसला राग. त्यानं काय केलं होतं?"

दादाने खिडकीबाहेर नजर लावली. खालून भाजल्या पावाचा वास येत होता.

"ऐक," दादा म्हणाला. "ते मैदान आडवं करणार, विहीर जाणार, म्हणून तू जीव काढतोयस ना? विहीर तिथं नव्हतीच."

"म्हणजे?"

"गावात विहीर होती मधोमध. सगळी घरं तिच्याभोवती. आता मैदानाच्या मधोमध विहीर ठेवली असती तर खेळायचं कुठं? म्हणून कोपऱ्यात नेली."

फक्की स्टुलावर पुढे सरकला. "बरं. विहीर तर विहीर. ओढा तरी?"

"ओढा शेजारच्या गावचा. आपल्याला कुठला ओढा, उन्हाळ्यात घोटभर पाण्याची मारामार. पण एका लांब बाजूला सडक झाली, दुसरीला काहीतरी म्हणायला हवं होतं."

"अरे पण बाकीचे? त्यांनी तर गाव बघितलेलं होतं. कुणी बोललं कसं नाही?"

"पहिल्या दिवशी हसले की सगळे. तू लहान होतास, तुला काय आठवणार. मग जिंकायला लागलो आणि कुणी हसेना. पुढं पुढं म्हातारी माणसं शपथेवर सांगायला लागली, ओढ्यात मासे धरले म्हणून. आपली आईसुद्धा. मी कुणाकुणाला सांगत बसू?"

सूनबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेली. दादाने दोन घोट घेतले.

"मग नवख्याला का मारलंस?" फक्कीचा आवाज चढला. थोरल्या भावापुढे त्याचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता. "का काढलंस त्याला? किती पोरं उभी होती दारात. कशासाठी हे सगळं, नसलेल्या ओढ्यासाठी?"

दादाने तांब्या बाजूला सारला.

"त्याला गाव दाखवायला गेलो असतो तर त्यानं विचारलं असतं. आपली पोरं विचारायची नाहीत, ती ऐकायची. बाहेरचा माणूस विचारतो. खरंच असं होतं का, म्हणून. मला भीती वाटली रे. आणि हरलो होतो. कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं." मग हळू आवाजात म्हणाला, "खणू दे आता. सुटू दे ते."

फक्की उठला. वाकून त्याने घोंगडं नीट केलं, सवयीने. दादाच्या मांडीवर त्याच्या हाताची पांढरी खूण उमटली, ती त्याने झटकली नाही. जिना उतरताना मध्येच तो एका पायरीवर बसला. या वयात माणूस पोरका होतो का? फक्की झाला. आई गेली तेव्हाही त्याला एवढं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

"काय म्हणाले?" लेकीने गाडीत विचारलं.

"बरं नाही त्याला."

दुपारी मॅच झाली. आपल्याकडे सहा जण होते. पाच नवख्याने त्याच्या क्लबातून उसने दिले. त्यांनी निळे सदरे घातले, तेव्हा प्रेक्षकांत कुणाला काही वाटलं नाही, कारण वाटून घेणारं कुणी उरलंच नव्हतं. पोरं चांगली खेळली. "डावीकडे, डावीकडे," "उजवीकडे सोड," अशी ओरडत होती. फक्की बाकावर बसून वाट बघत होता की चुकून तरी कुणी सडक म्हणेल. आपल्या सहांतही कुणी म्हटलं नाही. सपाटून हरले. शेवटची शिट्टी झाली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, पोरं सदरे काढून एका पिशवीत टाकून गेली. सवयीने फक्कीने ती पिशवी उचलली, आणि मग हे धुवायचे कशाला, असं मनात येऊन पुन्हा खाली ठेवली.

ऊन उतरायला लागलं तसं मैदान रिकामं झालं. फाटकापाशी खणायचं पिवळं यंत्र येऊन उभं होतं. नवखा काठी टेकत टेकत बाकापाशी आला. अंगावर चांगला कोट, वर अध्यक्षाची फीत.

"दादा नाही आला."

"बरं नाही त्याला."

"हं." नवखा शेजारी बसला. "मग तू दाखव."

"काय?"

"गाव. मला कुणी कधी दाखवलंच नाही. तू नुसतं उजवं-डावं सांगितलंस, न् ते पण अर्धं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ते काढलं होतं. बोलताना तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. फक्कीच्या ओठांवर आलं होतं की बाबा रे, तसं काही नव्हतंच. ज्याच्यापायी तू मार खाल्लास तो ओढाच आमचा नव्हता. त्याने नवख्याच्या गालाकडे बघितलं. सुरकुतलेला, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला गाल.

तो उठला. नवखा उंच, म्हणून फक्कीला हात जरा वर करावा लागला. पण दादा ठेवायचा तसा त्याने तो त्याच्या खांद्यावर ठेवला. "चल," म्हणाला.

ते गिरणीपासून निघाले. "ही गिरणी. पहाटेपासून सुरू व्हायची. ही सडक, इथून बाहेर जायचं. गाड्या जायच्या, धूळ उडायची." नवखा मान हलवत होता, एकेका जागी थांबत होता. शाळेपाशी त्याने विचारलं, मास्तर मारके होते का, आणि फक्की म्हणाला, फार. लाल खुंट्या पायात येत होत्या; त्यांच्यामधून दोघे चालले.

"ही विहीर," फक्की म्हणाला आणि कोपऱ्याच्या अलीकडे थांबला.

नवखाही थांबला. सकाळच्या पहारीचे घाव तिथे गवतात दिसत होते. तो काठीवर रेलून तिकडे बघत राहिला.

"पाणी होतं का रे हिला?"

दादा बरोबर म्हणाला होता. बाहेरचा माणूस विचारतो.

"भरपूर," फक्की म्हणाला. "उन्हाळ्यातसुद्धा. वाकून हात घातला की लागायचं."

"गोड?"

"गोड."

नवख्याने मान डोलावली. मग दोघे ओढ्याच्या काठाने परत निघाले, आणि फक्कीने त्याला मासे कुठे लागायचे तेही दाखवलं. ओढा संपला तिथे नवख्याला आठवलं की आपली टोपी बाकावर राहिली. बाक शाळेच्या बाजूला, विहिरीच्या कोपऱ्यापलीकडे. उजेड जात चालला होता, पाय दुखत होते, आणि जवळची वाट त्या कोपऱ्यावरून सरळ होती. नवखा पुढे झाला. कोपरा आला तसा त्याने काठी उचलून बाजूला टेकवली आणि सावकाश, मोठा वळसा घालून पलीकडे गेला.

फक्की तिथेच उभा राहून बघत होता. मग तोही वळसा घालून त्याच्या मागे गेला.